संच बदलतो तेव्हा

कुंभकोणम ही कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधली नगरी. तिच्या परिसरात नामसंकीर्तनाची जी परंपरा नांदते, तिची तीन आदिस्थाने एकमेकांपासून फारशी दूर नाहीत. गोविंदपुरम येथे बोधेंद्र सरस्वतींचे अधिष्ठान आहे, तिरुविसनल्लूर हे श्रीधर अय्यावाळ यांचे गाव, आणि मरुदानल्लूर येथे सद्गुरू स्वामींचा मठ आहे. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांच्या संधिकाळात सद्गुरू स्वामींनी भजनाचा क्रम लावून दिला. त्या क्रमात संस्कृत, तेलुगू, तमिळ आणि कन्नड रचनांच्या जोडीला मराठी अभंगांनाही स्थान मिळाले. १६७६ पासून १८५५ पर्यंत तंजावरच्या गादीवर भोसले घराणे होते, हे त्याचे एक कारण. पण राज्य गेल्यानंतरही अभंग तेथे टिकला, एवढ्यावरून त्याचे मूळ केवळ राजाश्रयात नव्हते हे उघड आहे. ज्यांच्या घरी तमिळ बोलली जाते असे गायक आजही नामदेव-तुकोबांचे अभंग तमिळ वळणाच्या उच्चारांत गातात. अग्रभागी एक भागवतर असतात. मागे म्हणणारे येतात, जातात, वृद्ध होतात, दिसेनासे होतात, आणि त्यांच्या जागी त्यांची मुले किंवा शेजारी येऊन बसतात. भजन मात्र ‘मरुदानल्लूर पद्धतीचे’ म्हणूनच ओळखले जाते. माणसे बदलली म्हणून ते भजन दुसरे झाले, असे तेथे सहसा कोणी म्हणत नाही.

हाच अनुभव कलेच्या दुसऱ्या क्षेत्रात मात्र वादाचा विषय होतो. मराठी रंगभूमीने त्यासाठी एक नेमका शब्द घडवला आहे: ‘संच’. नाटकाच्या जाहिरातीत ‘नव्या संचात’ असे छापले जाते, तेव्हा त्या दोन शब्दांत एक आश्वासन आणि एक कबुली अशा दोन्ही गोष्टी असतात. नाटक तेच आहे हे आश्वासन. माणसे ती नाहीत ही कबुली. प्रेक्षक ही कबुली ऐकतो आणि तरीही तिकीट काढतो. प्रयोग संपल्यावर मात्र त्याच्या मनात जुना संच उभा राहतो आणि तुलना सुरू होते. या तुलनेत न्याय किती आणि अन्याय किती, आणि ज्याच्या नावाने ती केली जाते तो ‘मूळ संच’ म्हणजे नेमके काय, हा प्रश्न वरवर रसिकतेचा वाटला तरी तळाशी तो नीतीचा प्रश्न आहे. कारण त्यात गेलेल्यांचे देणे आहे आणि आलेल्यांचा हक्कही आहे.

या प्रश्नाचे आधुनिक काळातील सर्वांत ठळक रूप पाश्चात्त्य रॉक संगीताच्या ज्या शाखेला ‘प्रोग्रेसिव्ह’ म्हटले जाते तिच्यात आढळते. ‘किंग क्रिम्झन’ हा इंग्लंडमधील वाद्यवृंद १९६९ च्या जानेवारीत तालमीला बसला. त्याच वर्षी जुलैत लंडनच्या हाइड पार्कमधील प्रचंड जनसमुदायासमोर त्याने वादन केले आणि ऑक्टोबरात त्याची पहिली ध्वनिमुद्रिका आली. डिसेंबरात अमेरिकेच्या दौऱ्यावर असतानाच इयन मॅक्डॉनल्ड आणि मायकेल जाइल्स या दोघांनी बाहेर पडण्याचा निर्णय सांगितला. गिटारवादक रॉबर्ट फ्रिप याने त्या वेळी असे सुचवले होते की, वृंद टिकावा म्हणून हवे तर आपणच बाहेर पडावे. तसे घडले नाही. ते दोघे गेले, पुढच्या वर्षी गायक ग्रेग लेकही गेला, आणि फ्रिप उरला. त्यानंतरच्या पाच दशकांत या नावाखाली इतके वेगवेगळे संच उभे राहिले की, पहिल्यापासून शेवटपर्यंत त्यांत राहिलेला एकमेव वादक म्हणजे फ्रिप. १९७४ मध्ये वृंद विसर्जित झाला. १९८१ मध्ये चौघे एकत्र आले, तेव्हा त्यांनी आरंभी ‘डिसिप्लिन’ असे वेगळेच नाव घेतले होते. पुढे जुने नाव स्वीकारले. २०१४ मध्ये सात जणांचा संच आला आणि त्यात तीन तालवादक रंगमंचाच्या अग्रभागी बसले. २०२१ च्या डिसेंबरात टोकियो येथे शेवटची मैफल झाली.

या सर्व संचांच्या मैफलींची जुनी चित्रमुद्रणे आज उपलब्ध होतात, पण ती सारख्या प्रमाणात नाहीत. ज्या पहिल्या संचाची कीर्ती सर्वाधिक, त्याची हलती चित्रे अगदी थोडी आहेत. १९७२ च्या संचाचे एक चित्रमुद्रण मात्र जर्मनीतील ब्रेमेन येथे दूरचित्रवाणीसाठी झाले. त्यात जेमी म्यूर हा तालवादक दिसतो. पत्रे, साखळ्या, शिट्ट्या, हाती लागेल ती वस्तू वाजवणारा हा माणूस काही महिनेच त्या वृंदात होता. १९७३ च्या आरंभी तो बाहेर पडला आणि बौद्ध साधनेच्या वाटेने गेला. २०२५ मध्ये त्याचे निधन झाले. त्याच्या उण्यापुऱ्या काही महिन्यांच्या सहवासाची साक्ष त्या एका फितीने जपली आहे. वर्षानुवर्षे राहिलेल्या काही वादकांपेक्षा काही महिने राहिलेला हा माणूस आज अधिक स्पष्टपणे दिसतो, तो कॅमेरा त्या दिवशी तेथे होता म्हणून. ज्याला इतिहास म्हटले जाते त्यात योगायोगाचा वाटा किती, हे अशा फिती पाहताना ध्यानात येते.

बदलत्या भागांचे अखंडत्व हा तत्त्वचिंतनाचा जुना विषय आहे. प्लुटार्कने थीसियसच्या नौकेची कथा नोंदवली आहे. अथेन्सचे लोक त्या नौकेच्या कुजलेल्या फळ्या काढून नव्या बसवीत गेले. मग ती तीच नौका राहिली काय, असा वाद तत्त्वज्ञ करीत. १६५५ मध्ये थॉमस हॉब्जने त्याला एक नवा पीळ दिला: काढून टाकलेल्या जुन्या फळ्या कोणी जपून ठेवल्या आणि त्याच क्रमाने जोडून दुसरी नौका उभी केली, तर खरी कोणती? ही निव्वळ बुद्धीची करामत वाटते, पण वाद्यवृंदांच्या इतिहासात ती प्रत्यक्ष घडली आहे. ‘येस’ या वृंदाचे नाव वापरण्याचा हक्क १९८९ मध्ये ज्यांच्याकडे होता, त्यांच्याबाहेर त्याच वृंदाचे चार जुने वादक एकत्र आले आणि त्यांना स्वतःच्या आडनावांची मालिका लावून मुद्रिका काढावी लागली. ‘किंग क्रिम्झन’च्याही माजी सदस्यांनी २००२ मध्ये वेगळ्या नावाचा वृंद काढून जुन्या रचना वाजवल्या. म्हणजे जुन्या फळ्या एका धक्क्याला आणि नाव दुसऱ्या धक्क्याला. विशेष असे की, त्या दुसऱ्या वृंदाचा गायक जॅको जॅक्झिक पुढे २०१४ च्या ‘किंग क्रिम्झन’चाच गायक झाला. हॉब्जच्या दोन नौकांत फळ्यांची अशी देवघेव होईल, हे खुद्द हॉब्जच्याही मनात आले नसेल.

भारतीय परंपरेत हा प्रश्न वेगळ्या वाटेने आला. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन राजा मिलिंदाला रथाचे उदाहरण देतो. चाक म्हणजे रथ नव्हे, आस म्हणजे रथ नव्हे, आणि त्या सर्वांवेगळा असा रथही कोठे नाही. पुढे तो दिव्याचे उदाहरण देतो. पहिल्या प्रहरातील ज्योत आणि शेवटच्या प्रहरातील ज्योत एक नव्हे, पण दोन वेगळे दिवेही नव्हेत. त्याच एका दिव्याच्या आधाराने रात्रभर उजेड राहिला. याउलट मीमांसकांचा भर प्रत्यभिज्ञेवर, म्हणजे ओळख पटण्यावर. आज उच्चारलेला ‘ग’ आणि काल उच्चारलेला ‘ग’ यांचे उच्चार दोन, पण वर्ण एकच. उच्चार तो वर्ण निर्माण करीत नाही, केवळ प्रकट करतो. मरुदानल्लूरचा अभंग हा मीमांसकांच्या वर्णासारखा आहे. तो कोणाच्याही कंठातून प्रकट झाला तरी अभंग तोच. वाद्यवृंद मात्र नागसेनाच्या ज्योतीसारखा आहे. त्याच्या मागे अक्षय वर्ण नाही. एका क्षणाने दुसऱ्या क्षणाला आधार दिला, एवढेच त्याचे अखंडत्व.

हा भेद मान्य केला की पुष्कळ गोंधळ निवळतो. रचना, रीत, नाव आणि माणसे या चार वेगळ्या गोष्टी आहेत. रचना टिकू शकते आणि माणसे जाऊ शकतात, रीत बदलू शकते आणि नाव राहू शकते. ‘हा तोच वृंद आहे काय?’ असे विचारणारा रसिक बहुधा या चारांपैकी कोणत्या एकीबद्दल विचारतो आहे हे स्वतःला सांगत नाही. पण चारही गोष्टी वेगळ्या केल्यावर एक शिल्लक उरते, आणि ती शिल्लक म्हणजे नैतिक बाजू. नाव ही वस्तू नसून एक वचन आहे. ते नाव ज्यांच्या श्रमाने अर्थपूर्ण झाले, त्यांचे ऋण ते नाव घेणाऱ्याच्या शिरावर येते. फळ्यांना नौकेचे काही देणे नसते, माणसांना असते. म्हणून थीसियसच्या नौकेचे उत्तर कोणतेही आले तरी वाद्यवृंदाचा प्रश्न त्याने सुटत नाही.

येथे जुन्या चित्रमुद्रणाची भूमिका तपासली पाहिजे. ज्या काळी मुद्रण नव्हते त्या काळी जुना संच स्मृतीत राहत असे, आणि स्मृती उदार असते. १९२१ च्या जुलैत मुंबईला टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग झाला. गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व भामिनीच्या आणि ललितकलादर्शचे केशवराव भोसले धैर्यधराच्या भूमिकेत उभे राहिले. त्याच वर्षी केशवराव निवर्तले. त्या प्रयोगाची हलती चित्रे नाहीत. आहेत त्या आठवणी, आणि आठवणींच्या आठवणी. त्यामुळे तो प्रयोग मराठी मनात दंतकथेसारखा वाढत गेला. पुढच्या कोणत्याही धैर्यधराला त्याच्याशी झगडावे लागले नाही असे नव्हे. पण तो झगडा एका सावलीशी होता, आणि सावलीशी झगडणाऱ्याला आपली उंची ठरवण्याची थोडी तरी मोकळीक असते.

चित्रफीत ही मोकळीक काढून घेते. ती एका संध्याकाळला कायमची न्यायाधीश करते. त्या संध्याकाळी वादक थकलेला होता, की तो राग त्याने आदल्या दिवशी अधिक चांगला वाजवला होता, हे तिला ठाऊक नसते. ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण साडेतीन मिनिटे मावत. तिरुवावडुदुरै राजरत्नम पिळ्ळै यांची नागस्वरावरील तोडी त्या तबकड्यांनी घरोघरी नेली. पण देवाच्या मिरवणुकीबरोबर चालताना, चौकाचौकांत थांबताना, रात्रीचे प्रहर उलटेपर्यंत होणारा रागविस्तार हा त्या साडेतीन मिनिटांचा मोठा भाऊ नव्हे. ती जातच वेगळी. १९५६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यानंतर नागस्वर हाती घेणाऱ्या प्रत्येकाला त्यांच्या प्रत्यक्ष वादनाशी कमी आणि तबकडीशी अधिक तोलले गेले असेल, तर त्यात दोघांवरही अन्याय आहे. नवा वादक एका तुकड्याशी तोलला जातो, आणि जुना वादक एका तुकड्यात कोंडला जातो.

चित्रफितीचे हे एवढेच रूप असते तर तिच्याविरुद्ध निकाल देणे सोपे होते. पण तिची दुसरी बाजूही आहे, आणि तीही कुंभकोणमच्या परिसरातच दिसते. या भागातील मंदिरांत नागस्वराचा जो परंपरागत ताफा असतो, त्यात नागस्वर वाजवणारे, तविल वाजवणारे, झांजेचा ताल धरणारा आणि ओत्तु वाजवणारा अशी माणसे असत. ओत्तु हे नागस्वराच्याच घाटाचे वाद्य, पण त्यावर राग वाजत नाही. त्यावर फक्त आधारस्वर धरायचा असतो. महाराष्ट्रातील सनई-चौघड्याच्या ताफ्यातही सूर धरणारा असाच असतो. गालात हवा साठवून नाकाने श्वास घेत, स्वर खंडित होऊ न देता तासन्‌तास उभे राहायचे, हे त्याचे काम. त्याला टाळी नाही आणि त्याच्या नावाची तबकडी नाही. ज्या स्वरावर थोर वादकाचा सगळा विस्तार उभा, तो स्वर त्याचा. आणि तरी कोणी त्याचे नाव विचारीत नाही.

गेल्या काही दशकांत हा माणूस बऱ्याच ताफ्यांतून नाहीसा झाला. त्याच्या जागी श्रुतिपेटी आली, आणि पुढे विजेवर चालणारी लहानशी पेटी आली. ती दमत नाही आणि बिदागी मागत नाही. संच बदलला, पण हा बदल कोणी ‘नव्या संचात’ असे छापून जाहीर केला नाही. त्यावर वाद झाला नाही. तोच ताफा, तेच विद्वान, तेच नाव. ज्या रसिकांनी एका गायकाच्या जाण्यावर वर्षानुवर्षे हळहळ केली, त्यांच्या कानांना ओत्तुवाल्याचे जाणे जाणवलेही नाही. तो होता हे आता जुनी छायाचित्रे आणि जुन्या फितीच सांगतात. मागच्या ओळीत, चौकटीच्या कडेला, गाल फुगवून उभा असलेला एक चेहरा. कॅमेरा त्याच्यासाठी तेथे नव्हता. मुख्य वादकाला टिपताना तो सहज टिपला गेला.

येथे मूळ प्रश्न उलटा होतो. ‘संच बदलल्यावर वृंद तोच राहतो काय?’ या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारला गेला पाहिजे: कोणाचे जाणे म्हणजे संच बदलणे, हे ठरवले कोणी? ज्याचा चेहरा पुढे असतो त्याच्या जाण्याला बदल म्हणायचे आणि मागच्याच्या जाण्याला व्यवस्था म्हणायचे, ही वहिवाट संगीताची नसून समाजाची आहे. कायद्यातही तिचे प्रतिबिंब आहे. भारताच्या प्रताधिकार कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने प्रयोगकर्त्या कलावंताचे हक्क मान्य झाले, आणि २०१२ च्या दुरुस्तीने आपल्या प्रयोगाशी आपले नाव जोडले जावे हा नैतिक हक्कही त्याला मिळाला. पण त्याच दुरुस्तीत असेही म्हटले आहे की, चित्रपटात ज्याचा सहभाग केवळ प्रासंगिक आहे आणि ज्याचे नाव श्रेयनामावलीत नाही, तो कलावंत धरला जाणार नाही. आपल्या प्रयोगाचे विद्रूपीकरण रोखण्यापुरताच त्याला अपवाद ठेवला आहे. म्हणजे नाव दिलेले नाही म्हणून तो कलावंत नाही, आणि कलावंत नाही म्हणून नाव देण्याचे कारण नाही. व्यवहारासाठी अशी रेषा कोठे तरी ओढावी लागते हे मान्य. परंतु कायद्याची रेषा ही कृतज्ञतेची रेषा होऊ नये.

यावर असा आक्षेप घेता येईल की, सर्वांचे सारखे स्मरण अशक्य आहे, आणि कलेत तरतम असतेच. राजरत्नम पिळ्ळै आणि त्यांच्या मागे स्वर धरणारा यांना एकाच मापाने मोजणे हा कलेचाच अपमान होय. आक्षेपात तथ्य आहे. पण स्मरण आणि मूल्यमापन या दोन क्रिया निराळ्या आहेत. मूल्यमापनात तरतम हवेच. ऋणात मात्र लहान देणेही देणेच असते. सावकाराने मोठ्या रकमेची नोंद ठेवावी आणि लहान रक्कम विसरावी, यात उदारता नाही, हिशेबाची चूक आहे. नव्या संचाने जुन्या संचाइतकेच चांगले वाजवले पाहिजे अशी अट कोणी घालू शकत नाही. ज्यांच्या जागी आपण उभे आहोत त्यांची नोंद आपल्याकडे असावी, एवढी अट मात्र रास्त आहे.

तेव्हा नाव चालवण्याचा नैतिक अधिकार कशाने मिळतो? केवळ मालकीने नव्हे, मालकी न्यायालयापुरती. केवळ जुन्या सदस्यांच्या संख्येनेही नव्हे. ‘येस’चा मूळ संस्थापक क्रिस स्क्वायर २०१५ मध्ये वारला, त्यानंतरही ते नाव चालू राहिले, आणि ते चालवणाऱ्यांना लबाड म्हणावे असे त्यात काही नाही. शेवटचा मूळ सदस्य गेला की नाव आपोआप मरते, हा नियम लावला तर एकही घराणे, एकही मठ, एकही विद्यापीठ शिल्लक राहणार नाही. किर्लोस्कर नाटक मंडळीतून १९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे बाहेर पडले आणि त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. जाणाऱ्यांना नवे नाव घ्यावे लागले, राहणाऱ्यांकडे जुने नाव राहिले, आणि प्रेक्षकांचे मन दोहोंकडे विभागले गेले. त्यात एक पक्ष खरा आणि दुसरा खोटा असे ठरवता येत नाही. अण्णासाहेब किर्लोस्कर तर १८८५ मध्येच निवर्तले होते. त्यांच्या मंडळीचे नाव त्यांच्यानंतर चालले यात कोणाला गैर वाटले नाही, कारण ते नाव चालवणाऱ्यांनी त्यांची नाटके स्वतःची म्हणून दाखवली नाहीत.

या प्रश्नाचे सर्वांत समाधानकारक उत्तर मराठी मुलखात ग्रंथांपेक्षा आचारात सापडते. गावोगावच्या अखंड हरिनाम सप्ताहात वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक आहे. सात दिवस, रात्रंदिवस, कोणी ना कोणी वीणा गळ्यात घालून उभा असतो. पहारा संपला की दुसरा विणेकरी येतो. पहिला आपल्या गळ्यातील वीणा काढून त्याच्या गळ्यात घालतो आणि दोघे एकमेकांना नमस्कार करतात. जाणारा येणाऱ्याच्या पाया पडतो, येणारा जाणाऱ्याच्या. वयाचा, जातीचा, गळ्याच्या गोडव्याचा हिशेब त्या क्षणापुरता मागे पडतो. नागसेनाची प्रहरोप्रहर बदलणारी ज्योत आणि ही पहाऱ्यापहाऱ्याने हात बदलणारी वीणा यांत एकच फरक आहे, पण तो फार मोठा आहे. ज्योतीला मागच्या क्षणाची जाणीव नसते, विणेकऱ्याला असते. माणसांचे अखंडत्व या नमस्काराने सिद्ध होते. तो नसेल तर एक गेला आणि दुसरा आला, एवढीच घटना उरते.

या निकषावर ‘किंग क्रिम्झन’चा इतिहास पाहिला तर त्याचे काही भाग उणे ठरतात आणि काही उजळतात. माणसे दुखावून गेली, काही काढली गेली. कोणत्याही मंडळीच्या इतिहासात हे असते. पण जाणाऱ्यांसाठी स्वतःच बाहेर पडण्याची तयारी दाखवणे, नव्या संचाला प्रथम जुने नाव न लावणे, १९७० च्या काळातील मेल कॉलिन्स या वादकाला चार दशकांनंतर पुन्हा मंचावर बोलावणे, आणि शेवटी नाव दुसऱ्याच्या हाती ओढत नेण्याऐवजी वादन थांबवणे, या कृतींत त्या नमस्काराची काही खूण आढळते. थांबणे हाही वारसा सांभाळण्याचा एक प्रकार असू शकतो. सप्ताहाचीही समाप्ती असते. काला होतो, आणि वीणा उतरवली जाते.

मग जुन्या चित्रमुद्रणाचे काय करावे? ते न्यायासनावर बसवू नये, साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभे करावे. साक्षीदार उपयोगी असतो, पण त्याची उलटतपासणी करावी लागते: तू कोठे उभा होतास, कोणाकडे तोंड करून, किती वेळ, आणि कोण तुझ्या दृष्टीबाहेर राहिले? अशा तपासणीचा एक उत्तम नमुना संगीतशास्त्राच्या इतिहासात आहे. डच अभ्यासक आर्नोल्ड बाके यांनी १९३८ च्या सुमारास दक्षिण भारतात फिरून गाणी ध्वनिमुद्रित केली आणि चित्रितही केली. त्यांचे शिष्य नझीर जयराजभॉय आणि अ‍ॅमी कॅटलिन १९८४ मध्ये ती जुनी मुद्रणे बरोबर घेऊन त्याच वाटेने पुन्हा निघाले आणि मूळ कलावंतांना किंवा त्यांच्या वंशजांना ती त्यांनी दाखवली, ऐकवली. जे परदेशातील कपाटात होते ते पुन्हा गावात आले. जुन्याची नव्याशी तुलना तेथेही झाली, पण ती नव्यांच्या उपस्थितीत आणि त्यांच्या तोंडून झाली. दप्तरखान्याचे काम जपण्याने अर्धे होते. ते पुरे होते परत करण्याने. आणि परत करताना, पुढे उभा कोण होता याबरोबरच मागे सूर कोण धरीत होता, हे विचारून लिहून घेण्याची संधी असते. ते सांगू शकणारी माणसे जिवंत असेपर्यंतच ती संधी आहे.

कुंभकोणमच्या आदिकुंभेश्वर मंदिरात दगडात घडवलेले एक नागस्वर जपून ठेवलेले आहे. दगड झिजत नाही, वाळत नाही, त्याला वाळवी लागत नाही. वाद्यच अमर करून टाकावे अशी कल्पना कोणा कारागिराच्या मनात आली असावी. परंतु नागस्वराची परंपरा त्या दगडाने चालली नाही. ती चालली तेथून जवळच असलेल्या नरसिंगमपेट्टै या गावातील कारागिरांच्या लाकडी वाद्यांनी. ते कारागीर अंजनाचे जुने लाकूड शोधतात, पाडलेल्या जुन्या घरांच्या तुळया विकत घेतात, कारण वर्षानुवर्षे मुरलेले लाकूडच स्वराला टिकते. ज्या घरात पिढ्या नांदल्या त्याचे छप्पर उतरते आणि त्यातून वाद्य होते. ते वाद्यही कधी तरी तडकते, आणि त्याच्या जागी दुसरे येते. दगडी नागस्वर दर्शनासाठी आहे. फुंकण्यासाठी लाकूडच लागते, आणि लाकडाला फुंकणारा माणूस लागतो. त्या माणसाच्या मागे सूर धरून जो कोणी उभा होता, त्याचे नाव मात्र दगडावरही नाही आणि लाकडावरही नाही. ते लिहून ठेवण्याचे काम ऐकणाऱ्यांकडे आहे.